हृदयाचा वेध

उज्जैन नगरीच्या दक्षिण बाजूस, क्षिप्रेच्या काठी, जयपूरच्या सवाई जयसिंगाने बांधलेली वेधशाळा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा राजा मोगल बादशहाचा माळव्यातील सुभेदार होता, त्या काळचे हे बांधकाम. पुढे माळवा शिंद्यांच्या अमलाखाली आला. वेधशाळा मोडकळीस गेली, आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे तिची देखरेख होती. तेथील सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली आजही दगडी कमानीवरील खुणांवर पडते व तीवरून वेळ वाचता येते. मात्र वाचणाराने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे, म्हणून सावलीची कड रेखीव नसते, ती पुसट असते. शिवाय उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे आहे. आणि सूर्याच्या भासमान गतीत वर्षभर फरक पडतो तो निराळाच. त्यासाठी यंत्राजवळ दुरुस्तीचे कोष्टक लावलेले असते. सावली खोटे बोलत नाही. परंतु कोष्टक जाणल्याशिवाय तिचे बोलणे समजतही नाही.

हृदयाच्या प्रतिमा घेणाऱ्या हृद्रोगतज्ज्ञाचे काम पुष्कळसे याच जातीचे आहे. लोकांची समजूत अशी की, यंत्र हृदयाचे छायाचित्र काढते आणि डॉक्टर ते पाहून रोग सांगतो. वस्तुतः त्याच्यापुढे छायाचित्र नसते, वेध असतो. कोठे ध्वनी परत आला, किती वेळाने आला, किती बदलून आला, एवढेच यंत्र सांगते. त्यावरून आत काय घडते आहे हे ठरवायचे आणि ठरवताना आपली चूक किती असू शकेल याचा अदमास बांधायचा, ही त्याची विद्या. वैद्यकाची पदवी, त्यानंतर तीन वर्षे सर्वसाधारण रोगचिकित्सा व पुढे तीन वर्षे हृद्रोगशास्त्र असा अभ्यासक्रम झाल्यावर हा माणूस या वेधशाळेत पाऊल टाकतो.

एक उदाहरण घेऊ म्हणजे विषय स्पष्ट होईल. समजा, महिदपूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून चोवीस वर्षांची स्त्री उज्जैनच्या रुग्णालयात आली आहे. सहावा महिना चालू आहे. दोन पावले चालली की धाप लागते. रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो, म्हणून ती उशाला गोधड्यांची चवड रचून बसल्याबसल्याच झोप घेते. सासूचे म्हणणे असे की, पहिलटकरणीला दम लागायचाच. रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, दम्याचे औषध झाले, गुण नाही. असे चित्र आपल्याकडील हृद्रोगतज्ज्ञांना अपरिचित नाही.

या व्यथेचे मूळ बहुधा दहाबारा वर्षे मागे असते. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, घरचे लोक काढा देतात, मूल बरे होते. घशातील त्या जंतूंपैकी स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या एका जातीशी झुंजताना शरीराने जी संरक्षक द्रव्ये तयार केलेली असतात, ती काही मुलांच्या बाबतीत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. सांध्यांची सूज ओसरते. झडपेची इजा मात्र मुकाट्याने वाढत राहते. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये दोन पाळ्यांची एक झडप असते. तिला द्विदल झडप म्हणतात. निरोगी माणसात ती उघडली म्हणजे चार ते सहा चौरस सेंटिमीटर वाट मिळते. रोगाने पाळ्यांच्या कडा एकमेकींस चिकटत जातात, पाळ्या जाड होतात, आणि दरवाजाची फट होते. दीड चौरस सेंटिमीटरपेक्षा वाट कमी झाली की विकार तीव्र मानतात.

एवढ्या फटीनेही कित्येक स्त्रिया शेतात राबतात, पाणी भरतात. गर्भारपणात गणित बिघडते. शरीरातील रक्त चाळीसपन्नास टक्क्यांनी वाढते आणि नाडीही जलद होते. नाडी मिनिटाला ७० असता प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला सुमारे ०.८६ सेकंद येतो. ती ११० झाली की ०.५५ सेकंद. आकुंचनाला लागणारा वेळ हृदयाला फारसा कमी करता येत नाही. कात्री लागते ती दोन आकुंचनांमधल्या विश्रांतीला, आणि या विश्रांतीतच तर त्या फटीतून रक्त खाली उतरायचे असते. रक्त अधिक, वाट अरुंद, वेळ अपुरा. वर तुंबलेले रक्त फुफ्फुसात मागे रेटले जाते व श्वास कोंडतो. प्रसूतीच्या वेळी आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांत हा लोंढा सर्वांत मोठा असतो. तेव्हा त्या खोलीतील वेध चुकला तर त्याची किंमत दोन जिवांनी द्यावी लागण्याचा संभव असतो.

पूर्वी अशा रोग्याच्या छातीवर नळी ठेवून डॉक्टर ऐकत, आणि अनुभवी कान आजही पुष्कळ सांगतो. पण झडप अरुंद आहे की गळकी आहे, की दोन्ही, आणि किती, हे कानाने निश्चित होत नसे. १९४८ नंतर ही झडप शस्त्रक्रियेने मोकळी करण्याची पद्धत रूढ झाली. शल्यवैद्य चालत्या हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या एका पिशवीवजा टोकातून आपले बोट आत घालीत आणि चिकटलेल्या पाळ्या चाचपून विलग करीत. झडप पाहण्याचे साधन म्हणजे ते बोटच! साहजिकच, कोणाची छाती उघडावी हे आधी कळणे अत्यंत निकडीचे झाले.

या निकडीतूनच आजच्या ‘इको’चा जन्म झाला. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर हे डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी अशा रोग्यांची तपासणी करीत. शिरेतून हृदयात नळी सरकवण्याची पद्धत तोवर आली होती, परंतु तिने त्यांचे समाधान होईना. त्यांनी हेल्मुट हेर्ट्झ या तरुण पदार्थविज्ञानवेत्त्याला विचारले, हृदय बाहेरूनच पाहता येईल काय? धातूच्या ओतकामातील भेगा ध्वनीने शोधण्याचे एक यंत्र हेर्ट्झच्या माहितीचे होते. ते त्याने माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातून आठवड्याच्या सुटीपुरते मागून आणले, स्वतःच्याच छातीला लावले, आणि पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी त्याला दिसला. पुढे सीमेन्स कंपनीचे यंत्र उसने मिळाले व २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाचा पहिला ध्वनिआलेख नोंदला गेला.

यानंतरची गोष्ट अधिक बोधक आहे, पण ती क्वचितच सांगितली जाते. त्या आलेखात एक ठळक, डौलाने खालीवर होणारी रेषा दिसे. झडप अरुंद असलेल्या रोग्यात तिची चाल मंद होई. एड्लर यांना वाटले, ही डाव्या वरच्या कप्प्याची पुढची भिंत. निदानासाठी रेषा उपयोगी पडत होती; नाव मात्र चुकले होते. तपासलेल्यांपैकी जे रोगी पुढे दगावले त्यांच्या शवविच्छेदनात ध्वनीच्या मार्गाचा पडताळा घेतल्यावर उमगले की, ती रेषा भिंतीची नसून द्विदल झडपेच्या पुढल्या पाळीची आहे. म्हणजे हृदयाची ही पाळी माणसाला जिवंतपणी हलताना प्रथम दिसली, तेव्हा ती पाळी आहे हे पाहणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. एड्लर व हेर्ट्झ यांना १९७७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले.

आता त्या अंधाऱ्या खोलीत परत येऊ. रोगी स्त्रीला डाव्या कुशीवर वळवलेले असते. असे केल्याने हृदय छातीच्या भिंतीलगत येते. हाड आणि फुफ्फुसातील हवा यांतून हा ध्वनी जात नाही, तेव्हा दोन बरगड्यांमधील फटीतूनच आत डोकवावे लागते. कातडीवर गार, बुळबुळीत लेप लावतात, तोही मध्ये हवा राहू नये एवढ्याचसाठी. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचे ऐकू शकत नाही. हातातील डबीतून निघणाऱ्या ध्वनीची कंपने वीस ते चाळीस लाखांच्या घरात असतात. शरीरात तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने धावतो. दहा सेंटिमीटर खोलीवरच्या पाळीवर आदळून तो परत येतो तेव्हा सेकंदाचा साडेसात हजारावा भागही उलटलेला नसतो. यंत्र हा काळ मोजते, त्याचे अंतर करते, आणि असे हजारो ठिपके जुळवून पडद्यावर हलते चित्र उभे करते. या ध्वनीत क्ष-किरणांचा संबंध नाही. त्यामुळे पोटातील मुलाला किरणांचा धोका नसतो. गर्भवतीच्या बाबतीत हा मोठाच लाभ होय.

झडपेची वाट मोजायची कशी? एक मार्ग सरळ दिसतो: पडद्यावर फट आडवी कापून तिचा परीघ आखावा आणि क्षेत्रफळ काढावे. पण रोगट झडप नरसाळ्यासारखी झालेली असते. नरसाळ्याचे माप तोटीच्या टोकाशी घेतले पाहिजे. हात काही मिलिमीटर वर राहिला तर रुंद भागाचे माप निघते आणि एक चौरस सेंटिमीटरची फट दीड चौरस सेंटिमीटरची भासते. रोग तीव्र असून मध्यम ठरतो, आणि ‘गोळ्या चालू ठेवा’ असे सांगून बाईला परत पाठवले जाते.

म्हणून दुसऱ्या वाटेनेही वेध घेतात. ख्रिश्चन डॉप्लर याने १८४२ मध्ये मांडलेला सिद्धान्त आगगाडीच्या शिटीने सर्वांच्या अनुभवास आलेला आहे: स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना तार सप्तकात वाटते, दूर जाताना खाली उतरते. धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीचेही तसेच होते, आणि त्या फरकावरून रक्ताचा वेग कळतो. अरुंद घळीत नदी वेगाने धावते, तसे अरुंद झडपेत रक्त धावते. नॉर्वेतील लिव्ह हाटले यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, या वेगावरून झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक काढता येतो. रीत शाळकरी मुलालाही येण्याजोगी आहे: वेगाचा वर्ग करावा व त्याला चारने गुणावे. वेग सेकंदाला दोन मीटर असेल तर फरक १६ मिलिमीटर पाऱ्याचा. अडीच मीटर असेल तर २५ चा. पूर्वी ज्यासाठी हृदयात नळी घालावी लागे, ते काम एका गुणाकारावर आले.

परंतु सावलीचे कोष्टक येथेही आहेच. ध्वनीचा रोख रक्ताच्या धारेच्या अगदी रेषेत असला तरच वेग खरा निघतो. रोख ६० अंशांनी तिरपा झाला तर वेग निम्मा दिसतो, आणि वर्ग केल्यामुळे दाब चौथाईवर येतो! चित्र तितकेच स्वच्छ दिसते, आकडे तितक्याच ठामपणे छापले जातात. शिवाय दाबाचा फरक नाडीवरही अवलंबून असतो. घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या गर्भवतीची नाडी १२० असताना आलेला आकडा आणि ती शांत झाल्यावर आलेला आकडा यांत मोठे अंतर पडते. जाणता तज्ज्ञ म्हणूनच अहवालात दाबाच्या आकड्याशेजारी नाडीचा आकडा लिहितो. ज्या अहवालात तो नसतो त्यावर दुसऱ्या डॉक्टरने फारसे विसंबू नये हे बरे. दाब निम्म्यावर येण्यास किती वेळ लागतो यावरूनही वाट काढता येते. २२० या आकड्याला त्या वेळेच्या सहस्रांश सेकंदांनी भागावे. वेळही २२० सहस्रांश असेल तर वाट एक चौरस सेंटिमीटर. तीन मार्गांनी काढलेली तीन उत्तरे जुळली तर निदान पक्के. न जुळल्यास पुन्हा लेप लावायचा, पुन्हा कूस वळवायची, आणि कोणता वेध चुकला ते शोधायचे. रोग्याच्या हाती पडणारी रंगीत चित्रे दिसतात छान. घरच्यांना तीच मोठी तपासणी वाटते, आणि खरे काम या कंटाळवाण्या फेरतपासणीत झालेले असते.

आपल्या उदाहरणातील स्त्रीची वाट समजा ०.८ चौरस सेंटिमीटर निघाली. प्रथम नाडी मंद करणारी गोळी देतात, म्हणजे फटीतून रक्त उतरायला अवधी मिळतो. फुफ्फुसातील पाणी उतरवण्याचे औषधही देतात. कित्येकींना एवढ्यावरच प्रसूतीपर्यंत निभावून नेता येते. तेवढ्याने भागले नाही तर फुग्याचा उपाय आहे. जपानी शल्यवैद्य कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मांडीच्या शिरेतून नळी वर नेऊन, हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधील पडदा छेदून, मिटलेला फुगा झडपेत न्यायचा आणि तो क्षणभर फुगवायचा. चिकटलेल्या कडा उसवतात. गर्भवतीत हा उपाय शक्यतो विसाव्या आठवड्यानंतर, पोटाला किरणांपासून झाकून आणि किरणांचा उपयोग होईल तितका आखडून करतात. अशा वेळी इंदूरच्या मोठ्या रुग्णालयांचा पंचावन्नएक किलोमीटरांचा रस्ता माळव्यातील लोकांच्या पायाखालचा आहे.

पण फुगा प्रत्येक झडपेला मानवत नाही, आणि हा निर्णय पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीतच होतो. १९८८ मध्ये विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथे एक गुणपत्रिका तयार केली. पाळ्या किती हलतात, किती जाड आहेत, त्यांत चुना किती साचला आहे, आणि त्यांना खालून धरणाऱ्या दोऱ्या किती आखडल्या आहेत, या चार बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण. या परीक्षेत गुण कमी असलेले चांगले. बेरीज आठपर्यंत असेल तर फुगा बहुधा यशस्वी होतो. वर गेली तर पाळी फाटून झडप एकदम गळू लागण्याची भीती वाढते, आणि मग तातडीच्या शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. त्यातही तीन द्यावेत की दोन, हे शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर असते. तरुण वयात झडपा सामान्यतः लवचीक असतात, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

आणखी एक वेध राहतो. तुंबलेल्या वरच्या कप्प्याच्या त्या पिशवीवजा टोकात रक्ताची गुठळी दडून बसलेली असू शकते. नळीच्या धक्क्याने ती सुटली तर मेंदूकडे जाते आणि पक्षाघात होतो. छातीवरून हा कोपरा नीट दिसत नाही. म्हणून बोटाएवढी नळी रोग्याला गिळायला लावतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असते, आणि तेथून तो कोपरा खिडकीतून पाहावा तसा दिसतो. गुठळी आढळली तर फुगा थांबवावा लागतो. ‘आज नको’ असे सांगणे हाही या तज्ज्ञाच्या कामाचा भाग आहे, आणि इंदूरपर्यंत आलेल्या नातेवाइकांना ते समजावून सांगणे सर्वांत अवघड.

हृदयाचा वेध घेण्याची इतर साधने याहून झगमगीत आहेत. १९५८ मध्ये क्लीव्हलँड येथील मेसन सोन्स यांनी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत रंजक द्रव्य सोडून तिचे चित्र घेतले, आणि आजच्या अँजिओग्राफीचा मार्ग खुला झाला. सी. टी. यंत्राने त्या रोहिणींत साचलेला चुना मोजता येतो. चुंबकीय यंत्राने हृदयाच्या स्नायूचा कोणता भाग मेला आहे आणि कोणता केवळ निपचित पडला आहे हे ओळखता येते. ज्यांच्या छातीत कळा येतात त्यांना यांचा मोठा उपयोग होतो. पण किरणांचे माप, रंजकाचा मूत्रपिंडांवरील भार आणि खर्च हे सारे पाहूनच ती वापरली पाहिजेत. धडधाकट माणसाने ‘एकदा सगळे पाहून टाकू’ म्हणून या यंत्रात जाऊन झोपण्याची जी हौस शहरांतून वाढली आहे, तिला उत्तेजन देण्याजोगे काही नाही.

इको यंत्राचा खरा मोठा उपयोग रुग्णालयाबाहेर आहे. २००७ मध्ये कंबोडिया व मोझांबिक येथील शाळकरी मुलांच्या पाहणीत असे आढळले की, नळीने ऐकून झडपांचा विकार जितक्या मुलांत सापडतो त्याच्या सुमारे दहापट मुलांत तो इकोने सापडतो. अशा मुलांना काही करता येते काय? युगांडात ८१८ मुलांवर केलेल्या प्रयोगाचे उत्तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. महिन्यातून एकदा पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतलेल्या मुलांपैकी दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा विकार वाढला. न घेतलेल्यांत ८.२ टक्के मुलांचा. इंजेक्शन स्वस्त आहे व जुने आहे. ते टोचताना दुखते, ही एक अडचण. आणि वेध चुकला तर निरोगी मुलावर हृद्रोग्याचा शिक्का बसून त्याला वर्षानुवर्षे सुई सोसावी लागते, ही दुसरी. निरोगी झडपेतूनही थोडे रक्त मागे झिरपताना दिसू शकते. म्हणून कोणते झिरपणे रोगाचे, याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१२ मध्ये ठरवण्यात आले आणि २०२३ मध्ये ते सुधारण्यात आले.

यंत्र आता खिशात मावेल एवढे झाले आहे. तथापि ध्वनियंत्राने गर्भाचे लिंग कळते, म्हणून १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली अशा प्रत्येक यंत्राची नोंदणी करावी लागते व ते गावोगाव फिरवण्यावर निर्बंध आहेत. कायदा आवश्यक आहे; मुलींच्या घटत्या संख्येने ते पुरेसे सिद्ध केले आहे. परंतु हृदय पाहण्यासाठी खेड्यातील शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरला त्याच कायद्याचे कागद आधी पुरे करावे लागतात, आणि बऱ्याच वेळा बेत तेथेच राहतो.

आपल्या उदाहरणातील स्त्रीचा फुगा यशस्वी झाला असे धरू. वाट ०.८ वरून १.७ चौरस सेंटिमीटरवर आली, त्या रात्री ती आडवी झोपली. झडप पूर्ववत झालेली नसते. जून कडा केवळ उसवलेल्या असतात, आणि काही वर्षांनी त्या पुन्हा चिकटू शकतात. घशाचा तो जंतू पुन्हा आला तर इजा वाढते, यासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चाळिशीपर्यंत चालू ठेवायला सांगतात. बाळंतपणानंतर, नाडी मूळपदावर आली म्हणजे, पुन्हा एकदा इको करायचा असतो. कारण गर्भारपणातील आकड्यांवरून पुढची तुलना करता येत नाही. त्या दिवशीची वाट, दाब आणि शेजारी नाडी असे तीन आकडे कागदावर उतरतात, आणि दर वर्षी ती येईल तेव्हा तोच कागद तिने बरोबर आणायचा असतो.